पडद्यापलीकडची हिरवळ

“सेरिन, बरी आलीस! या साहेबांना जोडीदारीण हवीय!”

मावशी गल्ल्यावरून ओरडली आणि मी दारातच थबकले. आमच्या गुन्सान शहरात त्या शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होता. दवाखान्यात लोकांचे दात साफ करून कंटाळले, म्हणून मी मावशीच्या स्क्रीन गोल्फच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या पडद्यावर चार चेंडू बडवायला आले होते. साहेब म्हणजे एक उंच, लाजरा तरुण... कानाच्या पाळ्या थंडीनं लालेलाल. मिश्र जोड्यांची देशभरची स्पर्धा सुरू होत होती, प्रत्येकानं आपापल्या गावातल्या पडद्यासमोर खेळायचं. आणि त्याची बहीण नेमकी बर्फावरून घसरून मनगट सुजवून बसली होती.

“मला फारसं येत नाही हं,” मी म्हटलं.

“मला येतं,” तो म्हणाला आणि स्वतःच गोरामोरा झाला. “म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला—”

“मग कसं म्हणायचंय?”

“तुम्ही फक्त या ना!”

त्याचं नाव दोग्योम. माझा पहिला चेंडू पडद्यावर आदळला, छतावरच्या कॅमेऱ्यानं त्याचा वेग न् दिशा टिपली आणि चित्रातल्या हिरवळीवरून उडत तो थेट तळ्यात गेला.

“मासे घाबरले,” तो गंभीरपणे म्हणाला.

“मग तुम्ही मारा! बघू तरी!”

त्यानं मारला. चेंडू झेंड्यापाशी अलगद थांबला. मी बघतच राहिले... चेंडूकडे नाही, त्याच्याकडे.

मग दर शनिवारी एक फेरी. खेळ संपला की कोपऱ्यावरच्या टपरीत काल्गुक्सूच्या गरम शेवया. आपल्या वाडग्यातले शिंपले वेचून तो गुपचूप माझ्या शेवयांवर ठेवायचा. मावशी विचारायची, “खेळ सुधारतोय, की भलतंच काही?”

त्याच्या जोरावर आम्ही अंतिम फेरीत पोचलो. ती मात्र समुद्रकाठच्या खऱ्या मैदानावर होती. मी आनंदानं उड्या मारल्या. तो पांढरा पडला.

“मी नाही येणार.”

“का?”

तो जिन्याच्या पायरीवर बसला. “व्यावसायिक खेळाडूंच्या निवड चाचणीत माझा चेंडू वाकडा गेला. माझी गोल्फची पिशवी सांभाळणाऱ्या कॅडीबाईंच्या कपाळाला लागला. त्या बऱ्या झाल्या, खेळत राहा म्हणाल्या. पण गवतावर उभा राहिलो की हातच उचलत नाहीत... इथे पडद्यापलीकडे कुणीच नसतं, सेरिन. कुणाला लागत नाही.”

मी त्याचा हात धरला.

“जाऊन तर येऊ. नाहीच जमलं तर समुद्र बघू, पोटभर जेवू आणि परत येऊ.”

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. टेकडीभर गुलाबी फुलं, वाऱ्याला खारट वास. दोग्योम चेंडूपाशी उभा राहिला... आणि उभाच राहिला. लोक कुजबुजू लागले.

“समोर कुणी नाहीये,” मी हळूच म्हटलं. “मी मागे आहे.”

“लांब आहात ना?”

“आहे. पण तुझ्यापासून यापेक्षा लांब नाही राहता येत मला.”

तो वळला. “‘तू’ म्हणालीस?”

“चुकून...” माझे गाल तापले. “नाही. मुद्दाम.”

तो हसला, मोकळा, खळखळून. हसता हसताच त्याचे खांदे सैल पडले. त्यानं मारला. चेंडू उन्हात शिरला आणि दिसेनासा झाला.

“कुठे पडला?” मी विचारलं. इथे सांगायला पडदा नव्हता.

“चालत जाऊन बघावं लागेल.”

त्या दिवशी आम्ही शेवटून पहिले आलो. फोनवर मावशीनं उद्धार केला आमचा. पण ते नंतर. त्या वेळी आम्ही ओल्या गवतातून चालत होतो, आणि अर्ध्या वाटेत तो थांबला.

“सेरिन, मला तू फार आवडतेस. खेळासाठी नाही... खेळ तर तुझा भयंकर आहे.”

“माहितीये,” मी म्हटलं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात हात घातला. “चल आता, लोक खोळंबलेत.”