उलट्या गावाची खोली

“चपला बाहेर!” जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून ताई कुजबुजली.

“इथे?” शंकासुर म्हणाला. “आत तर बाहेरपेक्षा जास्त धूळ असेल. मग आपण नक्की कोणाची धूळ वाचवतोय?”

“आजोबांचा नियम आहे. रंगाच्या खोलीत चपला न्यायच्या नाहीत. ओल्या रंगावर धूळ बसते.”

“पण आता ओला रंगच नाही!”

“नियम तर आहे ना? काढ मुकाट्यानं!”

ताईच्या धाकट्या भावाला शंकासुर हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. वय साडेनऊ, आणि विचारलेले प्रश्न साडेनऊ लाख! त्याच्या मागून वर येणारी मामेबहीण मात्र दिवसाला मोजून दहा शब्द बोलायची, म्हणून तिचं नाव कुलूप. कुलपानं काही न बोलता तिन्ही जोड दाराबाहेर ओळीत लावले.

सुट्टी लागल्यापासून तिघं आजोबांकडे होती. आजोबांनी चाळीस वर्षं गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शिंप्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांची नावं त्यांच्याच हातची! स्वतःसाठी मात्र त्यांनी एकच चित्र काढलं होतं. त्यात नदी, पूल, पुलावरची बस आणि पलीकडे घड्याळाचा मनोरा होता. गावात नवं चित्रदालन होणार, त्यात ‘आपल्या मुलखाचे चित्रकार’ असं प्रदर्शन लागणार आणि प्रत्येक चित्राखाली ते कुठून सुचलं तेही लिहिणार, हे कळलं तेव्हा आजोबांचे डोळे कसे चमकले होते!

आणि काल दालनाच्या प्रमुख बाई घरी येऊन म्हणाल्या, “पुलाकडे तोंड केलं की मनोरा उजवीकडे दिसतो. तुमच्या चित्रात तो डावीकडे आहे. बससुद्धा रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं चाललीय. हे जागा बघून काढलेलंच नाही. कुठल्यातरी उलट्या छापलेल्या फोटोची नक्कल आहे. माफ करा, उद्या पाच वाजता यादी पक्की होईल, त्यात हे नसेल. चित्र दालनातून घेऊन जा.”

आजोबांना बोलताच येईना. चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि सगळे शब्द गेले. उरला तो एकच.

“बंद,” ते म्हणाले. “बंद! बंद!” आणि तळहात पालथा-उलथा करत राहिले.

आईनं धावत जाऊन पंखा बंद केला. मग खिडकी बंद केली. बाईंना वाटलं, ते ‘नको’ म्हणतायत. त्या निघून गेल्या. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते फक्त ताईनं पाहिलं. आणखी एक गोष्ट तिनं पाहिली. ‘बंद’ म्हणताना आजोबा ना पंख्याकडे बघत होते, ना खिडकीकडे. ते बघत होते रस्त्यापलीकडच्या जुन्या गोदामाकडे, जिथे वरच्या मजल्यावर त्यांची रंगाची खोली होती.

म्हणून तर तिघं इथं आली होती. आईला काय सांगितलं होतं? “आम्ही खालीच खेळतोय.” ताईला ते मघापासून चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं.

दाराला बाहेरून कडी होती. ती काढून तिघं आत शिरली. आत वाळलेले डबे, झडलेले ब्रश, पाट्यांचे पुठ्ठे. एकुलत्या एका खिडकीची झडप बंद, तिच्यावर आडव्या फळ्या ठोकलेल्या, आणि फटीफटींतून काळा कागद चिकटवलेला.

“एवढा बंदोबस्त कशाला? चोराला रंग हवा असतो का?” शंकासुर म्हणाला.

“धूळ येऊ नये म्हणून रे! पाटी वाळेपर्यंत...”

ताईचं वाक्य अर्धंच राहिलं. जिन्यावर पावलं वाजली. एक ओळखीचा आवाज कोणाला तरी ओरडून सांगत होता, “आलोच! आलोच!”

हे गोदामाचे राखणदार. दिवसातून शंभरदा ‘आलोच’ म्हणायचे आणि त्यातल्या नव्वद वेळा यायचे नाहीत. मुलांनी त्यांना आलोचकाकाच करून टाकलं होतं. दार उघडं दिसलं की ओढायचं आणि कडी घालायची, या कामात त्यांचा हात डोळ्यांच्या फार पुढे होता. दारात चपलांचे तीन जोड मांडलेले असताना त्यांनी दार ओढलं.

धाड! खट्!

“काका! आम्ही आत आहोत!”

“आलोच!” असं खालच्या कोणाला तरी म्हणत पावलं जिना उतरून गेली.

अंधार! स्वतःचा हात दिसू नये एवढा. ताईनं दार ढकललं, लाथा घातल्या, दोन्ही मुठींनी बडवलं. दार जुनं होतं, पण कडी लोखंडाची होती. ‘कुठे जाताय ते सांगून जा, एवढंच मागते मी तुमच्याकडे,’ हे आईचं वाक्य आता तिच्या कानात घणासारखं वाजू लागलं.

“ताई,” अंधारातून बारीक आवाज आला, “हवा संपते का गं?”

“नाही रे राजा. दाराखाली फट आहे.” तिनं चाचपडत त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. भीती तिलाही वाटत होती, पण तिघांत थोरली असली की भ्यायची सोय नसते.

बाहेर मनोऱ्याचे टोले पडले. चार! पाचला यादी पक्की होणार आणि ती तिघं इथे उंदरांसारखी सापळ्यात!

तेवढ्यात खिडकीकडे खसखस झाली. कुलूप काहीतरी उपसत होतं. फळ्यांच्या मधोमध पत्र्याचा एक तुकडा ठोकलेला होता, त्याला झडपेच्याही आरपार जाणारं वाटाण्याएवढं भोक होतं आणि भोकात रंगानं कडक झालेल्या चिंधीचा बोळा. कुलपानं तो ओढून काढला. उजेडाची एक बारीक रेघ आत आली.

“शाब्बास, कुलूप! ओरडा आता!”

तिघांनी आळीपाळीनं भोकाला तोंड लावून घसे फोडले. खाली बस घरघरत गेली, मागून दुसरी गेली. कोणी मानही वर केली नाही. शेवटी थकून तिघं खिडकीपासून बाजूला सरली आणि जमिनीवर फतकल मारून बसली.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. डोळे अंधाराला सरावले. आणि शंकासुर एकदम किंचाळला, “ताई! भिंतीवर बस! चाकं वर करून चाललीय!”

“भीती वाटली की असं काहीबाही...” असं म्हणत ताईनं मान वळवली आणि तिचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

खिडकीसमोरच्या पांढऱ्या भिंतीवर अख्खं गाव उलटं टांगलं होतं! खाली आभाळ होतं, आभाळात एक ढग सरकत होता. वर नदी चमकत होती. पूल होता, माणसं डोकी खाली करून झपाझप चालली होती. आणि हे सगळं रंगीत होतं! धूसर, ओल्या रंगासारखं मऊ, पण हलतं, जिवंत!

“जादू?” शंकासुर पुटपुटला.

“भोक,” कुलूप म्हणालं.

“बरोबर!” ताई उभी राहिली. “वरचा उजेड भोकातून तिरका खाली येतो, खालचा तिरका वर जातो. विज्ञानाच्या पुस्तकात आहे की! मी पाठ केलं होतं, पण मला ते कुठे खरं वाटलं होतं!” ती भिंतीजवळ गेली. बोटांना काहीतरी टोचलं. खिळा! मग दुसरा, तिसरा, चौथा. चार कोपऱ्यांना चार गंजके खिळे, आणि त्यांच्या बरोबर मधोमध उलटा पूल.

आजोबांच्या चित्राच्या चारही कोपऱ्यांना गंजाची भोकं होती!

“बंद! आजोबा खोली बंद करा म्हणत होते! पाट्या वाळेपर्यंत ते इथे अंधारात बसायचे. आणि एक दिवस त्यांना हे दिसलं. कागद इथे ठोकून, आहे तस्सं उतरवलं त्यांनी!”

“पण ताई, मनोरा तर उजवीकडेच आहे,” शंकासुर म्हणाला. “चित्रात डावीकडे आहे. म्हणजे बाईच बरोबर!”

ताईचा चेहरा पडला. खरंच! भिंतीवरचा मनोरा उलटा होता, पण होता उजवीकडेच. हातातोंडाशी आलेला घास गेला!

कुलूप मात्र जमिनीवर काहीतरी शोधत होतं. त्याला पुठ्ठा सापडला, खडूचा खडा सापडला. त्यानं पुठ्ठा खिळ्यांच्या मध्ये धरला आणि दिसतं तसं गिरवलं. वर नदी, मध्ये पूल, उजवीकडे खाली डोकं केलेला मनोरा, बस. मग पुठ्ठा भोकाच्या उजेडाच्या रेघेत आणला आणि फिरवून सुलटा धरला.

मनोरा डावीकडे! बस चुकीच्या बाजूला!

 मग ताईनं तळहात पुढे केला आणि आजोबांसारखा पालथा केला. उलथा केला. पालथा केला.  काल ते सगळं काही सांगत होते आणि घरातल्या एकालाही ऐकू आलं नव्हतं.

“आता बाहेर पडायचं! कसंही करून!”

“ती बघ पिवळी छत्री!” शंकासुरानं भिंतीकडे बोट दाखवलं. उन्हात पिवळी छत्री घेऊन फिरणारी बाई गावात एकच. दालनाच्या प्रमुख बाई! छत्री पुलावरून उलटी लटकत इकडेच येत होती.

ताईनं बारीक दांड्याचा एक ब्रश उचलला, शंकासुराच्या लाल रुमालाची पट्टी फाडून टोकाला बांधली आणि दांडा भोकातून बाहेर सारला. भिंतीवरचं गाव झप्पकन विझलं. पुन्हा काळोख!

“अरे, माझा रुमाल!”

“नवा देईन! पत्रा वाजव!”

टण टण! टण टण! लाल पट्टी बाहेर फडफडत होती.

“कोण आहे वर?” खालून करडा आवाज आला. “राखणदार! या खोलीत कोण आहे?”

“कोणी नाही बाई! मी स्वतः कडी घातलीय!”

“मग काय ब्रश आपोआप हलतोय? चला वर!”

शंकासुर टाळी वाजवणार, तोच कुलपानं त्याचा हात धरला. “दोन मिनिटांत आपल्याला हाकलतील. काही ऐकणार नाहीत. त्यांना आत थांबवायचं. काका दार परत लावतील.”

चौदा शब्द! जवळजवळ दीड दिवसाचा साठा एका दमात! ताई आणि शंकासुर बघतच राहिले.

खट्! दार उघडलं. दारात छत्री मिटवत बाई उभ्या, मागे घामाघूम आलोचकाका.

“कार्ट्यांनो, इथे काय धिंगाणा चाललाय?”

“बाई, एकच गोष्ट बघा, एकच मिनिट,” ताई हात जोडून म्हणाली. “पण चपला बाहेर काढाव्या लागतील. इथल्या चित्रकाराचा नियम आहे.”

बाईंच्या कपाळावर आठी चढली. पण ‘चित्रकार’ शब्दापुढे त्यांचा इलाज चालेना. चपला काढून त्या आत आल्या. “बोला पटकन. पाचला मला...”

“अहो, ट्रक आला!” खालून कोणीतरी ओरडलं.

“आलोच!” काका वळले. वळता वळता दार उघडं दिसलं. हात आपोआप पुढे गेला.

धाड! खट्!

“अहो! उघडा! मी आत आहे!” बाई दारावर थापा मारू लागल्या. “राखणदार!”

“ते आता लवकर यायचे नाहीत,” शंकासुर समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुम्ही बसून घ्या. हवा संपत नाही, दाराखाली फट आहे.”

“हा काय चावटपणा आहे? मला अंधारात गुदमरतं!”

“मलाही,” ताई म्हणाली. “पण थोडा वेळ कळ काढली की दिसायला लागतं. आमचे आजोबा तर पाट्या वाळेपर्यंत तासन्‌तास इथे बसायचे.” आणि तिनं भोकातला ब्रश काढला.

बाई दार बडवत होत्या. हळूहळू थापा मंदावल्या. मग थांबल्या. भिंतीवर उलटं गाव उमललं होतं. एक बस चाकं वर करून पूल ओलांडत होती.

कुलपानं पुठ्ठा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो भिंतीवर धरला. मग सावकाश फिरवला. चारही खिळ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. 

“वीस वर्षं मी लोकांना चित्रं कशी बघावी ते शिकवतेय,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि नीट बघितलं नाही ते मीच! तुमचे आजोबा नक्कल करणारे नाहीत रे. या गावाला असं बघणारे ते एकटेच आहेत.” आणि दचकून त्यांनी हातावरचं घड्याळ उजेडाच्या रेघेत धरलं. “पावणेपाच! उघडा! अहो, कोणीतरी उघडा!”

आता चौघंही दार बडवू लागली.

खट्! दारात आई होती. धापा टाकत, केस विसकटलेले, एका हातात शंकासुराची चप्पल.

“गल्ली पालथी घातली मी! या चपला दिसल्या नसत्या तर...”  तिनं तिघांना एकदम मिठीत घेतलं, मग ताईच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग पुन्हा मिठीत घेतलं.

“मी खोटं बोलले, आई. पुन्हा नाही बोलणार.”

“घरी चल, मग बघते तुझ्याकडे!”

“रागवा, पण उद्या,” बाई म्हणाल्या आणि अनवाणीच जिना उतरत पळाल्या. “आधी यादी!”

दुसऱ्या दिवशी दालन माणसांनी फुललं होतं. पूल, नदी आणि डावीकडच्या मनोऱ्याचं चित्र दारासमोरच्याच भिंतीवर होतं. खालच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘बंद खोलीत, भिंतीवर उतरलेलं गाव पाहून.’ बाईंनी सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली. “या तिघांनी मला कोंडून घातलं नसतं, तर मी आंधळीच राहिले असते!” टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनं अभिमानानं मान वर केली आणि त्याच वेळी शंकासुराची कॉलरही घट्ट धरून ठेवली.

चाकांच्या खुर्चीत बसलेले आजोबा चित्राकडे नाही, मुलांकडे बघत होते. त्यांनी तळहात पालथा केला, उलथा केला. तिघांनीही केला. आजोबांचे ओठ हलले.

“बंद?” आईनं घाईघाईनं पंख्याकडे पाहिलं.

आजोबांनी मान हलवली. पुन्हा प्रयत्न केला. चार महिन्यांत पहिल्यांदाच नवा शब्द आला, अडखळत, पण स्पष्ट.

“पाहिलं?”

 शंकासुराला चक्क एकही प्रश्न सुचेना. मग कुलूपच पुढे झालं आणि आजोबांच्या कानाशी वाकून म्हणालं,

“पाहिलं, आजोबा. सगळं पाहिलं.”