पेन्सिलीची रेघ

गर्भपट्ट्यावर नऊ हा आकडा आला आणि खोतांच्या घरात तीन आठवडे चाललेला वाद एकदाचा मिटला.

वाद बाळंतपण कुठे करायचं याचा होता. इंद्रजितच्या आईला सून डोळ्यांसमोर हवी होती. कोल्हापुरात, घरापासून दहा मिनिटांवर एवढं मोठं रुग्णालय असताना पोरीला डोंगरात कशाला धाडायची, असं तिचं म्हणणं. मयूरीच्या आईचं म्हणणं त्याहून आटोपशीर होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, बास. दोघी विहिणी या विषयावर फोनवर इतक्या गोड बोलत की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. इंद्रजित मधल्या मध्ये सापडला होता आणि अशा वेळी बहुतेक नवरे करतात तेच त्यानंही केलं. तो दोघींनाही 'हो' म्हणत राहिला.

पट्ट्यानं त्याची सुटका केली. मऊ कापडाचा हा पट्टा पोटावरून घेऊन कमरेमागे बांधायचा. आतल्या बाजूला धातूच्या चोवीस बारीक चकत्या होत्या. बायका त्यांना टिकल्या म्हणत. कातडीला चिकटलेल्या या टिकल्या बाळाचे ठोके, त्याची हालचाल, गर्भाशयाचं आवळणं आणि सैल होणं टिपत राहत आणि रोज सकाळी त्यावरून प्रसवांक निघे. आकडा पंधराच्या आत असेल तर गावच्या प्रसूतिकेंद्रात खुशाल बाळंत व्हावं, चाळीसच्या आत असेल तर तालुक्याला, आणि त्याच्या वर गेला तर थेट शहर गाठावं. चार वर्षांपूर्वी पट्टा सरसकट आला आणि त्यानं पुष्कळ जीव वाचवले, हे कुणी नाकारत नव्हतं. पत्रिकेतले गुण विचारावेत तसा लोक आता आकडा विचारू लागले होते.

"नऊ म्हंजे पावणं, शिंक यावी तशी बाळंत हुईल पोरगी," मयूरीची आई जावयाला फोनवर म्हणाली. इंद्रजित तिला मामी म्हणायचा. "आता तरी पाठवताय न्हवं?"

मग नववा लागताच मयूरी वारणेच्या खोऱ्यात वर, आंबवडीला गेली. कोल्हापूरपासून गाडीनं दोन तास.

इंद्रजित नदी मोजायचा. वारणेच्या काठावर जलमापन केंद्र होतं, तिथं तो पाण्याच्या पातळीची नोंद ठेवायचा. यंत्र दर पंधरा मिनिटांनी पातळी पाठवायचं, पण रोज सकाळ-संध्याकाळ काठावरच्या मोजपट्टीवर डोळ्यांनी पाहून वहीतही लिहायचं, असा खात्याचा जुना नियम होता. त्याला हे काम शिकवलं ते निवृत्त झालेल्या यादवमामांनी. यंत्र बंद पडलं, पुरात मोजपट्टी बुडाली, तर मधले आकडे अंदाजानं भरावे लागत. "भर की, भरू नको कोण म्हणतंय?" यादवमामा सांगत. "पण ते पेन्सिलीनं भर. डोळ्यांनी बघितलं तेवढंच शाईनं. उद्या त्या वहीवर कुणीतरी धरणाचं दार उघडणार असतंय." इंद्रजितनं हा नियम सात वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कनिष्ठांना तो याबाबतीत इतकं झापायचा की त्यांनी त्याचं नावच पेन्सिल ठेवलं होतं.

मयूरीच्या पट्ट्याच्या नोंदी त्याच्या फोनवर यायच्या. ती आंबवडीला गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी, तो मोजपट्टीसमोर वही घेऊन उभा असताना, फोनवर एक प्रश्न आला. 'काही नोंदी अपुऱ्या आहेत. पूर्ण कराव्यात का?' खाली दोन चौकटी होत्या. त्यानं ओल्या अंगठ्यानं 'होय' दाबलं. अपुऱ्या नोंदी पूर्ण झालेल्या कुणाला नको असतात? लगेच आकडा आला, नऊ. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच आकडा. पुढं पुढं तो प्रश्न वाचेनासाही झाला.

नवव्या दिवशी दुपारी मयूरीचा फोन आला.

"अहो, बाळ कालपासून गप्प आहे."

"झोपलं असेल."

"कालपासून? एरवी जेवल्यावर लाथा घालायचं. आज नुसतं एकदा हललं. मला कोल्हापूरला न्या ना."

इंद्रजितनं फोन कानावरून काढून आकडा पाहिला. हिरव्या रंगात नऊ. "अगं, आकडा नऊ आहे. ठोके एकशे बेचाळीस, हालचाल उत्तम. सगळं दिसतंय मला इथं."

"तुम्हाला दिसतंय, मला जाणवत नाहीये."

"आणि आता मामींना काय सांगायचं? पहिल्यांदाच असतं गं असं. उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

 "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला. पुढे कित्येक दिवस ते "बरं" त्याच्या कानातून गेलं नाही.

सोळाव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. इंद्रजित मोटारसायकलवरून पोचला तेव्हा नऊ वाजत आले होते. वाटेत चहाला थांबला तेव्हा फोननं नेहमीचा प्रश्न विचारला होता आणि त्यानं नेहमीचं उत्तर दिलं होतं.

आंबवडीचं प्रसूतिकेंद्र म्हणजे तीन खोल्या, एक परिचारिका आणि भिंतीवर पट्ट्याचा मोठा पडदा. नव्या नियमानं नवऱ्याला आत थांबता येत होतं. मामींना ते अजिबात पसंत नव्हतं. "पावणं आत बसून काय करनार? कळा का त्यास्नी यायच्यात?" असं त्या सिस्टरला ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या. त्यांच्या हातात खोबरेल तेलाची वाटी होती. लेक आल्याच्या चौथ्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या तिच्या कमरेला आणि पोटाला कोमट तेल लावत होत्या. त्यांच्या आईनं त्यांना लावलं होतं, तसंच. आज कळा सुरू झाल्यावर पहाटेही लावलं होतं.

मुजावर सिस्टर हसतमुख होत्या, कामालाही वाघ होत्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "झकास चाललंय दादा. एकशे बेचाळीस. तुम्ही नुसता हात धरा तिचा."

त्यानं हात धरला. मयूरीचं तोंड पांढरं पडलं होतं. कळ येऊन गेली की ती डोळे मिटून घ्यायची. असे दोन तास गेले. करण्यासारखं काही नसलेला माणूस समोर दिसेल ते बघत बसतो, तसा इंद्रजित पडद्यावरची ठोक्यांची रेघ बघत बसला. आणि बघता बघता त्याला अस्वस्थ वाटू लागलं.

रेघ फार छान होती. हळूच वर चढायची, एक लहानसा खळगा घेऊन खाली यायची. थोड्या वेळानं पुन्हा तसाच चढ आणि तसाच खळगा. त्यानं घड्याळ लावून बघितलं. बरोबर बारा मिनिटं. पुन्हा बारा मिनिटं. मयूरीला कळ येवो न येवो, रेघेला त्याचं काही नव्हतं. सात वर्षं त्यानं नदीच्या रेघा पाहिल्या होत्या. खऱ्या पाण्याची रेघ कधी दोनदा सारखी येत नाही. वर कुठं पाऊस पडतो, कुणी मोटार सुरू करतं, म्हशी पाण्यात उतरतात, आणि रेघ थरथरते. अशी देखणी रेघ त्यानं एकाच ठिकाणी पाहिली होती. एका नव्या पोरानं चार दिवस दांडी मारून घरी बसून भरलेल्या वहीत.

 सकाळचा प्रश्न त्याला आठवला, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या सकाळी.

"सिस्टर, ही रेघ तिची नाही."

"आँ?"

"ही भरलेली आहे. अंदाजानं. पट्टा काढा आणि हातानं धरायच्या यंत्रानं बघा. आत्ता बघा!"

आवाज इतका चढला की मामी दारातून आत आल्या. मुजावर सिस्टरना राग आला असावा, पण त्यांनी पट्टा सोडला. टिकल्या तेलानं चकाकत होत्या. सिस्टरनी पोट पुसलं, कपाटातून ठोके ऐकायचं जुनं छोटं यंत्र काढलं आणि इकडे तिकडे टेकवलं. खोलीत आधी नुसती खरखर ऐकू आली. मग ठोके आले. एक, मग जरा थांबून दुसरा. सिस्टरनी घड्याळाकडे पाहत मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ऐंशीसुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या आणि अॅम्ब्युलन्ससाठी धावल्या.

भिंतीवरचा पडदा तेव्हाही एकशे बेचाळीस दाखवत होता.

कोल्हापूरला पोचायला दीड तास लागला. पोट फाडून मूल काढलं. मुलगी होती आणि ती रडली नाही. मयूरीला फार रक्तस्राव झाला, सहा बाटल्या रक्त चढवावं लागलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी इंद्रजितला बाकावर बसवूनच सांगितलं. गर्भाशयातली वार बाळाला पुरेसं रक्त पोचवत नव्हती. बहुधा आठवडाभर तरी. मेंदूला प्राणवायू कमी पडलाय. इजा वाढू नये म्हणून बाळाला बहात्तर तास थंड ठेवणार.

"बरी होईल ना?"

"आज नाही सांगता येणार. ती मान कधी धरते, हाकेला वळते का, हे वर्षभर बघत राहावं लागेल."

मामी टोपडं, दुपटं, लोकरीचे मोजे असं गाठोडं घेऊन आल्या होत्या. काचेपलीकडे नात उघडीवाघडी, थंड पाण्याच्या गादीवर पडलेली. "तिला गुंडाळा की वो कुणीतरी," त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, आणि त्यांना गप्प करायला कुणाचा जीव होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या कंपनीची एक मुलगी आली. नम्र होती. तिनं खेद व्यक्त केला, आणि तो खोटा वाटला नाही.

"त्वचेवर तेल असलं की संपर्क तुटतो. पुस्तिकेत आहे, पान सतरा," ती म्हणाली. मामी शेजारीच बसल्या होत्या. इंद्रजितनं त्यांना चहा आणायला पाठवलं आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत तो बोलला नाही.

"संपर्क तुटला तर पट्ट्यानं तसं सांगायला नको?"

"सांगितलंय ना. रोज." तिनं हातातल्या फोनचा पडदा त्याच्यासमोर धरला. तारीख, वेळ, 'होय'. अशा बारा ओळी होत्या. "संमती मिळाली की मोकळ्या जागा सरासरीनं भरतात. नऊ लाख बाळंतपणांची सरासरी आहे. फार विश्वासार्ह आहे ती."

"आणि ही नोंद आता कुठं जाणार?"

"नोंद बंद होऊन त्याच सरासरीत जाईल. पट्ट्याच्या हिशेबी कळा सुरळीत, प्रसवांक नऊ."

इंद्रजितला आधी कळलंच नाही. मग कळलं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी मयूरीच्या टिकल्या सुटतील आणि ती मोकळी जागा या रेघेनं भरली जाईल. "काढून टाका ती," तो म्हणाला.

"काढता येते. अर्ज आहे. कारण लिहावं लागेल, संमती कुणी दिली ते लिहावं लागेल." तिनं कागद पुढे केला. "आणि बाळाच्या आईची सही लागेल. वाचून केलेली."

अर्ज दोन दिवस त्याच्या खिशात राहिला. मयूरीला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे पट्टा बिघडला होता. तसंच राहू दिलं असतं तर राहिलं असतं. मामींच्या तेलाबद्दल कुणाला कळलं नसतं, त्याच्याबद्दलही नाही. रात्रंदिवस तो हाच विचार करत होता आणि त्याला स्वतःची किळस येत होती. वहीत एक आकडा शाईनं भरला म्हणून ज्यानं पोरांना रडवलं होतं, तो माणूस आता हे असं मोजून-मापून बघत होता.

चौथ्या दिवशी मयूरीला चाकाच्या खुर्चीतून बाळाजवळ नेलं. बाळाला हळूहळू ऊब द्यायला सुरुवात झाली होती. तिनं एक बोट त्या एवढ्याशा तळव्यावर ठेवलं. इंद्रजित खुर्चीजवळ खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. प्रश्न, 'होय', बारा सकाळी. तिचा फोन आला तेव्हा आपण काय पाहत होतो, तेही. मामींच्या तेलाबद्दल सांगताना मात्र म्हणाला, "त्यांना यातलं काही माहीत नाही, माहीत होऊ नये. पुस्तिका मी वाचायची होती."

 तिनं विचारलं, "त्या नऊमध्ये मी किती होते?"

तो आकडा त्याला पाठ होता. "फोन केलास त्या दिवशी? चोवीस तासांतली चाळीस मिनिटं."

"बाकी सगळ्या दुसऱ्या बायका."

"हो."

"मी सांगत होते ना तुम्हाला," ती म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळे त्याला ते जास्तच लागलं. "मी होते ना तिथं, चोवीस तास." तिनं अर्ज घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. कागद परत देताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बाळाच्या उशाशी असलेल्या पडद्याकडे पाहत होती. तिथंही एक हिरवी रेघ पळत होती.

"आणि हे? हे तरी तिचं आहे का?"

इंद्रजित उठून पडद्याजवळ गेला. रेघ वर उसळत होती, मध्येच अडखळत होती, एकदा अगदी खाली आली, मग पुन्हा चढली. एक चढ दुसऱ्यासारखा नव्हता. अशी वेडीवाकडी, कुरूप रेघ कुणी अंदाजानं भरली नसती.

"तिचंच आहे," तो म्हणाला.

सकाळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, ठोके एका लयीत आले की पहिली पायरी पार पडली. तो रेघेसमोर उभा राहिला. ती लवकर एका लयीत यावी म्हणून देवाला हात जोडावेत, की ती अशीच वेडीवाकडी दिसत राहावी म्हणून?