एकाच शब्दासाठी दोन पानं

दुकान शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं. दोघी बहिणी वडिलांच्या हाताखाली शिकल्या आणि त्यांच्यामागे सव्वीस वर्षं त्यांनीच ते चालवलं. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटीला वेगळं नाव द्यायची कुणाला गरजच वाटली नाही, ती धाकटीच राहिली. मशीन उघडायचं ते ताईने. सुटे भाग, फोन आणि वेबसाइट हे खातं धाकटीचं. ही वेबसाइट तिने सहा वर्षांपूर्वी एकटीने खपून तयार केली होती. ताईने तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. कॉम्प्युटरच्या टेबलाचा तिला एकच उपयोग, चहाचा कप टेकवायला. त्यावरून ती बोलणीही खायची.

ताईला जाऊन चौदा महिने झाले होते. मग आठवड्याभरात दुकानाचे फोन थंडावले. एका सकाळी धाकटीने स्वतःच ‘जुन्या शिलाई मशीनची दुरुस्ती’ असं टाइप करून पाहिलं. एरवी पहिल्या तिनांत दिसणारं दुकान पार खाली, कुठल्या कुठे गेलं होतं.

शाळेतला एक वर्गमित्र वेबसाइटचीच कामं करायचा. त्याने दहा मिनिटांत दुखणं ओळखलं. तुझ्याच साइटवरची दोन पानं एका शब्दासाठी भांडतायत, तो म्हणाला. सर्च इंजिनला कळत नाही की खरं कुठलं. ते कधी हे दाखवतं, कधी ते, आणि शेवटी दोन्ही मागे सारतं. उपाय साधा होता. सगळ्या पानांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे लोक कुठल्या शब्दाने तिथे येतात ते लिहायचं. जिथे शब्द दोनदा येईल तिथे एकच पान ठेवायचं. दुसऱ्यातलं कामाचं तेवढं पहिल्यात घालायचं आणि दुसऱ्याचा पत्ता पहिल्याकडे वळवून टाकायचा, म्हणजे तिथे जाणारा माणूस आपसूक इकडे येतो.

याद्या करणं धाकटीच्या आवडीचं काम. तिने वहीत साइटची बावीस पानं नोंदवली, सगळी आपल्या हातची. तेविसावं तिचं नव्हतं.

‘ती अडखळत असेल तर लगेच उघडू नका,’ त्यावर लिहिलं होतं. ‘चाक हाताने सावकाश फिरवा आणि ऐका. जिथे दुखतंय तिथे ती बोलते.’

धाकटीने ते तीनदा वाचलं. ती स्वतः मशीनला कायम ‘ते’ म्हणायची. ‘ती’ म्हणायची ती फक्त ताई.

ताई गेल्यानंतरच्या दिवसांत आपणच लिहून विसरलो असू, अशी तिने मनाची समजूत घातली. मग पानाची तारीख पाहिली. गेला मंगळवार.

तिने सांगितल्याप्रमाणे केलं. मजकूर आपल्या पानात घातला, त्या पानाचा पत्ता वळवला, वहीत खूण केली. दुसऱ्या दिवशी यादीत पुन्हा तेवीस पानं होती. नवं पान बॉबिनमध्ये धागा गुंतण्याबद्दल होतं, आणि त्या विषयावर धाकटीचं पान आधीपासूनच होतं. यात मात्र एका हिरव्या पायमशीनचा दाखला दिला होता. त्याच्या शटलखाली नखाएवढा खळगा पडलाय, वरून दिसत नाही, बोट फिरवलं तर लागतो, असं लिहिलं होतं.

हिरवं पायमशीन चार दिवस तिच्यापुढेच पडलं होतं, काही केल्या दाद देत नव्हतं. तिने ते आडवं केलं आणि खालून बोट फिरवलं. खळगा लागला.

ते पान तिने त्या दिवशी पुसलं नाही.

पासवर्ड मात्र बदलला. वर्गमित्राने नोंदी तपासल्या. पान तिच्याच कॉम्प्युटरवरून चढलं होतं, सकाळी सव्वाअकराला. सव्वाअकराला ती कॉम्प्युटरसमोर बसून वहीत यादी करत होती. तो म्हणाला, “तूच लिहितेयस गं. दुःखात होतं असं. स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.”

पानं येत राहिली. तेल कुठलं घालावं, पट्टा का घसरतो, सुई का मोडते. धाकटीच्या प्रत्येक शब्दासमोर आता दुसरा दावेदार उभा होता. एका दुपारी एका बाईंचा फोन आला, मशीन घेऊन निघालेय म्हणून. मघाशी तुमच्या बहिणीशी बोलणं झालं, त्या फार आपुलकीने बोलल्या, असंही त्या म्हणाल्या. धाकटीने या म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. बराच वेळ तिचा हात रिसीव्हरवरच होता.

शेवटी ‘आमच्याविषयी’ हे पानही दोनदा दिसलं. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती: ‘हे दुकान मी चालवते.’

वर्गमित्र आकडे पाहून म्हणाला, “नियम सरळ आहे. लोक ज्या पानावर येतात ते ठेवायचं. हे दुसरं पान नऊपट पाहिलं जातंय. तुझ्या पानावर फारसं कुणी येत नाही.”

ती दोन्ही पानं शेजारी उघडून बसली. चौदा महिन्यांपूर्वी इस्पितळाच्या पॅसेजमध्ये उभं राहून तिने एका कागदावर सही केली होती. त्यानंतर पाचच मिनिटांत ताईच्या उशाशी चाललेलं यंत्र थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही योग्य तेच केलंत. तेव्हापासून तिने हे वाक्य मनात इतक्या वेळा फिरवलं होतं की त्याला आता अर्थच उरला नव्हता.

पुन्हा आपल्या हाताने ताईला पुसायचं, हे काही तिला जमणार नव्हतं.

तिने स्वतःचं पान ताईच्या पानाकडे वळवलं. मग बाकीचीही, एकेक करून, बावीसच्या बावीस. उठताना तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

आठवड्यात दुकान पहिल्या नंबरावर आलं. फोन सुरू झाले. पण ती “हॅलो” म्हणायची आणि पलीकडून उत्तर यायचं ते न विचारलेल्या प्रश्नाचं.

“हो, पट्टा नवाच आहे.”

पलीकडची बाई कुणाचं तरी ऐकून घ्यायची.

“बरं. उद्या आणते.”

तिने फोन बदलून पाहिला. काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी बाई मशीन घेऊन आली. धाकटीने पुढे होऊन विचारलं, काय झालंय मशीनला. बाईंनी मशीन तिच्यासमोर ठेवलं आणि तिच्या खांद्यावरून आत पाहिलं, ताई बसायची त्या स्टुलाकडे.

“सुई मोडते सारखी,” बाई म्हणाल्या. थांबल्या. मान डोलावली. “नाही, तेल नाही घातलं.” पुन्हा थांबल्या, आणि ओशाळून हसल्या.

धाकटीने मागे वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “मी इकडे आहे. माझ्याशी बोला.”

बाईंनी अंगावरची शाल घट्ट ओढून घेतली.

“ताई,” त्यांनी स्टुलाकडे पाहत विचारलं, “एकदम गारठा आला, खिडकी उघडी आहे का हो?”