गिटारला ऐकू येत होतं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. माझंच घर, दुसरा मजला. बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. तेव्हा घरात मी आणि बायको, दोघंच होतो.

निदान तोपर्यंत मला तसं वाटत होतं...

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. मंगळवारी सुट्टी. बायको घरीच शिवणकाम करते. आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून तिचं मशीन, त्यामुळे पाठ कायम दाराकडे.

गिटार मी मिस्त्रींकडून बनवून घेतली. आधी ते कपाटं करायचे. आता टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर बसून वर्षाला दहा-बारा इलेक्ट्रिक गिटारी करतात, सगळ्या जुन्या धाटणीच्या. आठ महिने थांबलो तेव्हा माझी मिळाली. पिवळट पांढरा रंग, कडा घासलेल्या. दिसायला साठ वर्षांची, वयाने आठ दिवसांची.

"आणलीस एकदाची माझी सवत," बायको म्हणाली. "निदान ती स्वयंपाक तरी करते का?"

देताना मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली होती. तारांखाली जो पिकअप असतो, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, तो हल्ली सगळे वितळलेल्या मेणात बुडवतात. मिस्त्री बुडवत नाहीत. जुन्या काळी काही जण बुडवत नसत. म्हणे आवाज मोकळा येतो.

"फक्त एक आहे," ते म्हणाले. "हिला ऐकू येतं."

आणि त्यांनी गिटार तोंडाजवळ धरून तारांवर हळूच 'हॅलो' म्हटलं. समोरच्या अॅम्पमधून, म्हणजे गिटारच्या स्पीकरमधून, 'हॅलो' आलं. मी लहान पोरासारखा हसलो होतो.

तर तो मंगळवार.

गिटार बाहेरच्या खोलीत स्टँडवर. अॅम्प चालू, आवाज बराच वर. आतून शिलाई मशीनची घरघर येत होती, तीच अॅम्पमधूनही बारीक ऐकू येत होती. मग मशीन थांबलं. अॅम्पमधली घरघरही थांबली.

आणि मग...

श्वास.

लांब. सावकाश. आत... बाहेर... आत...

मला वाटलं, माझाच. मी श्वास रोखला.

तो थांबला नाही.

आत जाऊन बघितलं. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती.

"अगं, गिटारमधून कुणीतरी श्वास घेतंय."

"घेऊ दे की. तू तिला जरा विश्रांती दे, म्हणजे धाप लागणार नाही."

मी गिटार हातात घेऊन खोलीभर फिरलो. खिडकीकडे नेली, आवाज बारीक झाला. बाहेरच्या दाराकडे नेली...

मोठा झाला.

दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. तेवढ्या वेळात तो आवाजही गेला.

मी मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडतेय. ते म्हणाले, "रेडिओ असता तर घरभर सारखाच आला असता. जागा बदलल्यावर कमीजास्त होतो ना? मग जे आहे ते खोलीतच आहे. पिकअप स्वतःहून काही बोलत नसतो."

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम मशीन थांबायची वाट बघत बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाहेरच्या दाराशी काहीच नव्हतं. जीव भांड्यात पडला. मग सहज मागे वळलो, गिटार आतल्या खोलीच्या उंबरठ्याकडे झाली...

तिथे होता.

त्या आठवड्यात दुकानात माझ्या हातून दोन काचा तडकल्या. मालकाने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी हो म्हणालो. बायको दिवसभर एकटी असते, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तिसरा मंगळवार.

वायर लांब होती, आतल्या खोलीपर्यंत पुरली. बायको पाठमोरी बसून हाताने काज करत होती. मशीन बंद. मी गिटार पुढे धरून एकेक पाऊल टाकत गेलो. बाहेरच्या खोलीतल्या अॅम्पमधून नुसती खरखर येत होती.

उंबरठा... काही नाही.

कपाट... काही नाही.

तिची खुर्ची...

आवाज एकदम इतका वाढला की माझ्या पाचावर धारण बसली. गिटार खाली नेली, कमी झाला. वर उचलली, तिच्या मानेच्या उंचीवर. तिथे सगळ्यात जास्त होता. तिच्या मानेपासून वीतभर मागे.

तिने वळून बघितलं. "काय शोधतोयस रे?"

आवाज थांबला. अॅम्प तसाच खरखरत होता. फक्त कुणीतरी... श्वास धरला होता.

"काही नाही," मी कसंबसं म्हणालो.

ती पुन्हा काजाकडे वळली.

आणि तो पुन्हा सुरू झाला.

त्याच संध्याकाळी मी गिटार मिस्त्रींकडे नेऊन टाकली. म्हटलं, मला नको, कुणालाही द्या. घरी येताना इतकं हलकं वाटत होतं की जिन्यात शीळ घातली.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"रोज चालू ठेवली. रात्रभरसुद्धा. अगदी स्वच्छ आहे हो, तुमची गिटार. मी बोलतो तेवढंच बोलते. परवा एक जण घेऊनही गेला, लांबच्या गावचा."

मी फोन ठेवला.

गिटारमध्ये काही नव्हतंच. ती बिचारी फक्त ऐकत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती मी. जे होतं ते घरातच होतं, आणि ते कुठे उभं आहे हे कळायचा एकमेव मार्ग मी माझ्या हाताने देऊन बसलो होतो.

बायकोला सगळं सांगितलं. आधी हसली, मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला. घर बदलू म्हटलं तर म्हणाली, "गिऱ्हाईकं काय तुझ्या मिस्त्रींच्या माळ्यावर येणार?"

शेवटी भांडून मी तिचं मशीन फिरवलं. आता तिची खुर्ची भिंतीला टेकलेली असते. पाठीमागे हातही जाणार नाही एवढी. उजेड येत नाही म्हणून ती कुरकुर करते. करू दे.

काल दुकानातून आलो तर खुर्ची भिंतीपासून दोन हात पुढे होती.

"का सरकवलीस?"

"मागे फार दाटी होते रे," ती सुईत दोरा ओवत म्हणाली.

मला तिला हाताला धरून तसंच बाहेर न्यायचं होतं.

"चल," मी म्हणालो, "आपण बाहेर जाऊन येऊ."

"थांब रे," ती म्हणाली. "एवढी बाही होऊ दे. पाचच मिनिटं."