सुलाबाईचं वजन

शनिवारी वर्गातली सगळी चित्रं भिंतीवर लागायची. ज्याचं चित्र त्यानं त्याच्याशेजारी उभं राहायचं आणि गायधनी सर बोलतील ते मुकाट ऐकून घ्यायचं, असा त्या चित्रकला महाविद्यालयाचा रिवाज. अठ्ठ्याहत्तर सालच्या एका शनिवारी सर मैनाच्या चित्रापाशी थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ही बाई बसलीय कुठं?"

मुलं हसली.

"गादीवर, सर."

"मला तर अधांतरी दिसते. गादी बघ तिची, आत्ताच दुकानातून आणल्यासारखी फुगलीय. माणसाला वजन असतं, मैना. तू बघतच नाहीस. पुढच्या शनिवारी बाई खाली बसली नाही, तर निफाडला परत जा आणि द्राक्षं खुडायला लाग."

मैनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. निफाडचं नाव सरांनी घ्यायला नको होतं. तिथं तिचे वडील खंडेराव पारावर बसून, पोरगी नाशकात चित्रकार होतेय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आता आपलंच नाणं खोटं म्हणायची पाळी त्यांच्यावर येणार होती. ती नाशकात मामाकडे राही; संध्याकाळी मामीनं गरम भाकरी वाढली, तरी ती ताट सरकवून उठली.

सोमवारी ती हट्टालाच पेटली. चित्रासाठी वर्गात बसायला येई ती सुलाबाई, एरवी गोदाघाटावर द्रोणातले दिवे विकणारी, अंगापिंडानं चांगली थोराड बाई. खिडकीकडे तोंड करून, लाकडी चौथऱ्यावरच्या लाल गादीवर ती बसे. मैनानं एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीनं मापं घेतली. खांदा बरोबर होता. गुडघा बरोबर होता. मग तिनं गादीची शिवण पेन्सिलीला लावून पाहिली. शिवण सरळ होती. मधला भागही कोपऱ्यांइतकाच फुगलेला. लुगड्याचा काठ गादीला लागत होता, पण खालचं कापड कुठंही दबलेलं नव्हतं.

तिनं डोळे चोळले. जागा बदलून पाहिलं. शेवटी शेजारच्या नाथाला हळूच विचारलं, "तुला गादी दबलेली दिसते का रे?"

"दबणारच ना. बाई बसलीय," नाथा मान वर न करता म्हणाला. त्याच्या चित्रात गादीला छान खळगा पडला होता.

आपलेच डोळे बिघडले, असं मैनाला वाटलं आणि याचीही लाजच वाटली. चहाच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, सुलाबाई तेवढी गादीवर बसून राहिली, तेव्हा धीर करून तिनं गादी आणि लुगडं यांच्यामधे बोटं सरकवली. ती अडली नाहीत. पंजा मनगटापर्यंत आत गेला. तिथं गार होतं, माठाच्या बुडाखाली असतं तसं.

"दिसलं व्हय तुला?" सुलाबाईनं विचारलं.

मैनानं हात ओढून घेतला. "मावशी, हे काय आहे?"

"काय म्हाईत. लय दिस झाले. बसले तरी बसल्यागत वाटत नाय, निजले तरी निजल्यागत वाटत नाय. कुनाला बोलले नाय म्या." तिनं पदर सारखा केला. "तू हाय तसंच काढ, पोरी. मला खाली बशिवलंस, तर पुन्यांदा उठता यायचं नाय."

मैनानं मान डोलावली. तेव्हा तिच्या मनात तसंच काढायचं होतं.

शनिवारी सकाळी चित्राचं शेवटचं काम चालू असताना सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. नुसतं 'च्' केलं आणि पुढे गेले. त्याच वेळी दारात खंडेराव दिसले. बाजाराला आले होते, पोरीचा वर्ग बघायला डोकावले होते. टोपी हातात घेऊन, परक्याच्या घरात उभं राहावं तसे ते दाराशी उभे होते.

मैनानं कोळशाची कांडी उचलली. सुलाबाईकडे न बघता तिनं गादीच्या मधोमध काळी सावली दाबून भरली. कोपरे वर उचलले.

समोर सुलाबाई हलकेच कण्हली.

चित्रं भिंतीवर लागली. सर थांबले. "बसली! आता बसली बाई. शाब्बास, मैना."

मैनाला आनंद झाला. त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

"पोरी," मागून सुलाबाई म्हणाली, "मला उठवंना."

शिपाई पुंजारामनं एक दंड धरला, नाथानं दुसरा. बाई हलली नाही. अजून एक मुलगा धावला. चौथरा करकरला. गादी पार चपटी झाली होती.

"मुंग्या आल्या आसतील पायाला. बस घटकाभर," पुंजाराम म्हणाला आणि पाणी आणायला गेला. मुलंही चित्राकडे वळली.

"पूस ते," सुलाबाई हळू म्हणाली. "पूस, पोरी."

कोळसा पुसायला मुलं पावाचा तुकडा जवळ ठेवत. मैनानं तो उचलला. चित्रापाशी गेली.

तिथं खंडेराव उभे होते.

"हे हिनंच काढलं व्हय, सर?"

"हिनंच."

"हात लावू का?" त्यांनी विचारलं. डोळे भरले होते. बोट कागदाजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

पाव एकदा फिरवला की झालं असतं.

मैनानं तो तोंडात टाकला आणि चावत राहिली.

मागे चौथऱ्याखालची फरशी तडकली. कुणी वळलं नाही. सर खंडेरावांना वजन कसं दाखवतात ते समजावून सांगत होते.

"पोरी," सुलाबाईनं पुन्हा हाक मारली.

या वेळी आवाज मैनाच्या पायांखालून आला.