पिंजरा क्रमांक सत्तावीस

नदीपलीकडच्या जंगलात सस्तन प्राण्यांच्या किती जाती उरल्या आहेत, याची यादी करायला आम्ही तिघं आलो होतो. सर, गाडी चालवणारे मामा आणि मोजमापं घेणारी मी. तीन महिन्यांत त्रेसष्ट जाती नोंदल्या. सरांना हवी होती ती चौसष्टावी. पांढऱ्या शेपटीची पाणचिचुंद्री! चाळीस वर्षांत ती कुणाला दिसली नव्हती; सर बारा वर्षं तिच्या मागावर होते.

मोबाइल यायच्या आधीचे दिवस ते. शेवटच्या सकाळी मामा एकटेच पलीकडचे पिंजरे गोळा करून आणत होते. गुडघाभर पाण्यात पाय घसरला आणि त्यांच्या गळ्यातला आमचा एकुलता एक कॅमेरा बुडाला. आणि सत्तावीस नंबरच्या पिंजऱ्यात, पाहतो तर काय, तीच!

सरांना हसावं की रडावं कळेना. फोटो नसेल तर नोंद धरायची नाही, हा नियम त्यांचाच.

"उद्यापर्यंत कॅमेरा सुकेल," ते म्हणाले. "तोवर तिला किडे घालू, जपू."

मी तिला अलगद तळहातावर घेतलं. पोटाशी ओल लागली. दूध!

"सर, लेकुरवाळी आहे ही."

एवढ्याशा जिवाची पिल्लं उपाशी किती वेळ तगणार? देवाने ओंजळीत घातलेलं सगळंच आपलं नसतं.

सरांनी बूट चढवले. "मामा, हा पिंजरा कुठे होता?"

मामांचा चेहरा पडला. जंगलात कचरा नको म्हणून झाडांवरच्या खुणेच्या फिती त्यांनी सोडून आणल्या होत्या, धुऊन वाळतसुद्धा घातल्या होत्या! "मोठ्या खडकापासून दर दहा पावलांवर एक लावलेला. म्हणजे दोनशे सत्तर पावलं."

"मी मोजतो."

"तुमची ढांग केवढी, माझी केवढी! भलत्याच बिळापाशी सोडाल बिचारीला." मामांनी नदीकडे पाहिलं. वर कुठेतरी पाऊस झाला होता. पाणी कमरेच्या वर चढलं होतं. "मलाच यावं लागणार. आणि मला पोहता येत नाही."

एकच दोर तिघांच्या कमरेला बांधला. सर पुढे, मामा मधे, डोक्यावर पिंजरा धरून मी मागे. पाणी छातीला लागलं. ओंडका आला! "बाजूला व्हा!" सर ओरडले. मामांचा पाय सुटला. दोर ताणला. सरांनी ओढलं, मी पाय रोवले. मामा खोकत वर आले. माझे ओठ हलताना त्यांनी पाहिले.

"ताई, देवाचं नाव मनातल्या मनात काय घेताय? मोठ्यानं घ्या! या आवाजात त्याला ऐकू जायचं नाही!"

पलीकडे खडकाला पाठ लावून मामांनी मोजायला सुरुवात केली. दोनशे सत्तर! समोर एका झाडाची पोखरलेली मुळं. मी दार उघडलं. पांढरी शेपटी मुळांखाली नाहीशी झाली, आणि आतून बारीक चिवचिव ऐकू आली.

"सर, लिहा की चौसष्ट," मामा म्हणाले. "तिघांनी पाहिलीय."

"त्रेसष्टच." सर कितीतरी वेळ त्या मुळांकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "मी हातात घेतलीच नाही. कशी होती?"

"ओंजळभरसुद्धा नव्हती, सर. ऊबदार. काळीज भराभरा उडत होतं तिचं."

"म्हणजे आहे तर," ते म्हणाले, आणि पाणी उतरायची वाट बघत निवांत खडकावर टेकले.