गादीवरचा दुसरा खळगा

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायला मला जमतही नाही. चौदा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. जे दिसलं तेवढंच कागदावर लिहायचं, ही सवय अंगात मुरलीय.

जागा माझ्या धाकट्या बहिणीचं घर. तिसरा मजला, दोन खोल्या. वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

माझी भाची त्या दिवशी अकरा दिवसांची होती.

तिची कॉट आम्ही तिघांनी मिळून निवडली होती. हे आधीच सांगते, कारण सगळे तेच विचारतात... "कुणाची वापरलेली होती का?"

नाही. नवी कोरी होती.

धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. खिशात कायम पाना, म्हणून त्याला सगळे पानाच म्हणतात. दुकानात त्याने टेप काढून एकेका दांडीमधली फट मोजली.

"साहेब, बाळ झोपवायचंय की हत्ती?" दुकानदार वैतागला.

"हत्ती असता तर एवढी काळजी केली नसती," पाना म्हणाला.

मी गादी दाबून बघितली. टणकच हवी. हात उचलला की खळगा राहता कामा नये. राहिला नाही. कॉटच्या तीन बाजूंना कठडा, चौथी उघडी. ती बाजू आईच्या पलंगाला पट्ट्यांनी घट्ट बांधायची, मध्ये बोटभर फट नको. उशी नको, पांघरूण नको, खेळणी नकोत.

सगळं अगदी चोख केलं आम्ही.

मी रजा काढून त्यांच्याकडे राहायला गेले होते. सातव्या दिवशी सकाळी बाळाला उचललं. ती निजली होती तिथली गादी लगेच सपाट झाली.

पण शेजारी, वीतभर अंतरावर... अजून एक खळगा होता.

लहानसा. बाळाएवढाच.

मी त्यावर हात ठेवला.

कोमट लागला.

"तू इथे हात टेकला होतास का गं?"

"नाही ताई. का?"

"काही नाही," म्हटलं. बाळंतिणीला कशाला घाबरवायचं?

दुसऱ्या दिवशी बाळाला मधोमध निजवून मी पाणी आणायला गेले. परत आले तर ती कठड्याला चिकटलेली. तोंड रिकाम्या जागेकडे. जणू कुणाला तरी जागा करून दिलीय...

एवढंसं बाळ आपणहून सरकत नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

मग ते दर झोपेला होऊ लागलं.

"झोपेत तूच सरकवलं असशील," पाना बायकोला म्हणाला.

"मी जागी होते! वेड लागलंय का मला?" धाकटी रडायलाच लागली.

दहाव्या दिवशी पानाने कामावरची पाणसळ आणली. तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं, जागा सपाट आहे. बाळ धाकटीच्या मांडीवर होतं. पानाने पाणसळ रिकाम्या गादीवर आडवी ठेवली.

बुडबुडा बरोबर मधोमध.

"बघा. उगीच डोक्याला ताप करून घेता."

तेवढ्यात बुडबुडा डावीकडे सरकला. हळूहळू...

म्हणजे उजवी बाजू खाली जात होती.

कुणीही हात लावला नव्हता.

मग तो सावकाश मध्यावर परत आला. आणि लगेच शेजारचा रिकामा पलंग करकरला.

ती रात्र धाकटीने बाळाला मांडीवर घेऊन बसून काढली. सकाळी कामावर निघताना पाना एवढंच म्हणाला, "संध्याकाळी येऊन कॉट मोडतो. तोवर तिच्या जवळ जाऊ नका."

दुपारी धाकटी आंघोळीला गेली. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. खाली पत्र्याचं वर्कशॉप आहे, दिवसभर ठोकाठोक चालते. तीनला त्यांची सुट्टी होते.

ठोकणं थांबलं.

न्हाणीघरातला नळही थांबला.

आणि मग ऐकू आलं...

श्वास.

नवजात बाळाचा श्वास मी झोपेतही ओळखेन. भरभर चार-पाच, मग जरा खंड, पुन्हा भरभर.

गाढ झोपलीय, मला वाटलं.

मग लक्षात आलं. आवाज कॉटमधून येत होता...

माझ्या कानाशी काहीच नव्हतं.

मी बाळाला खांद्यावरून खाली घेतलं. ओठ निळे. छाती हलत नव्हती.

पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. कॉटमधला श्वास चालूच होता. भरभर... आणखी भरभर...

मी तिच्या नाकातोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकलं. एकदा. दोनदा.

ती रडली.

त्याच क्षणी कॉटमधला आवाज थांबला.

दवाखान्यात तीन दिवस तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. "असं होतं कधी कधी. तुमचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाले.

पानाने कॉटचे तुकडे तुकडे केले. ना दुकानात परत दिली, ना कुणाला. "दुसऱ्याच्या लेकराला कसं निजवू देऊ तीत?" म्हणाला.

भाची आता चार वर्षांची आहे. एकदम खणखणीत.

पण आमच्यात त्या दुपारवरून आजही एकमत नाही. पाना म्हणतो, ते जे काही होतं ते पोरीचा श्वास ओढत होतं. धाकटीच्या मते उलट, ते मला हाक मारत होतं.

"ताई, तो आवाज आला नसता तर तू बाळाकडे बघितलं असतंस?"

नसतं बघितलं. खोटं कशाला बोलू?

धाकटीला पुन्हा दिवस गेलेत. परवा पानाच्या नकळत तिने मला फोन केला. त्या दुकानात जाऊन आली होती. तशीच कॉट अजून मिळते, म्हणाली.

"घेऊ का गं ताई?"

तिला सातवा लागलाय. मला अजून उत्तर सुचलेलं नाही.